एक्केचाळीस म्हणजेच एकोणनव्वद

अमेरिकेत आल्यावर सुरुवातीचे काही महिने मी आपोआप उघडणाऱ्या दारांनासुद्धा थँक्यू म्हणायचो. शॉमबर्गच्या मॉलमध्ये ताई माझ्यापासून चार पावलं लांब चालायची, ती त्यामुळेच. "अरे, दाराला कसलं थँक्यू?" ती दबक्या आवाजात म्हणायची. माझ्या मनात मात्र यायचं, उद्या नाही उघडलं तर?

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं असंच होतं. एखादं दार आपल्यासाठी उघडलं तर ते चुकूनच उघडलं असावं, असं त्याला वाटतं. मग तो घाईघाईने आत शिरतो आणि आत गेल्यावर सगळ्यांचे आभार मानत सुटतो.

मला इथे आणलं ते ताईने आणि दाजींनी. दाजी पुण्याचे, इंजिनिअर, एका मोठ्या कंपनीत. त्यांनी कागदपत्रं भरली आणि माझा नंबर लागेपर्यंत काही वर्षं गेली. तेवढी वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग आणि मुख्य म्हणजे ट्रकच्या नंबरप्लेटी. आकड्यांसाठी माझं नाव होतं. तीन तालुक्यांतले ट्रकवाले यायचे. माझा ४ बघून एका ट्रकमालकाने, गाडीच्या नंबरात चार नसताना, मागच्या फळीवर एक नुसताच ४ काढून घेतला होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "राहू दे, बरा दिसतो."

विमानतळावरून घरी येताना दाजींनी गाडीतच सांगितलं होतं, "हे बघ, एक वर्ष. वर्षभरात एखाद्या जॉबमध्ये टिकलास तर राहा, आमची काही हरकत नाही. नाही जमलं, तर परतीचं तिकीट मी बुक करीन. त्यात गिल्टी वाटून घेऊ नकोस, यार." हे त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं होतं. चांगल्या मनाने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

पहिली नोकरी डोनटच्या दुकानात. तिथे मी गिऱ्हाइकांचे इतके आभार मानायचो की रांग पुढे सरकायची नाही. दुसरी लाँड्रीत. ती लाँड्रीच बंद पडली, त्यात माझा हात नव्हता, पण घरी ते पटवून देताना मला घाम फुटला. असे सात महिने गेले.

आठव्या महिन्यात ताई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि मी बाहेर पार्किंगमध्ये थांबलो होतो. शेजारच्या दुकानाच्या मागच्या दाराशी एक उंच, गोरा म्हातारा लाकडी फ्रेम मांडीवर घेऊन तिच्यावरची जाळी ब्रशने खरवडत होता. स्क्रीन प्रिंटिंगची फ्रेम. जाळीत शाई सुकून बसली होती आणि तो उलट्या बाजूने घासत होता. मला बघवेना. जवळ गेलो, सॉरी म्हणालो, थँक्यू म्हणालो आणि त्याच्या हातातून फ्रेम काढून घेतली. दहा मिनिटांत जाळी मोकळी केली. म्हाताऱ्याने ती उजेडात धरून बघितली.

"तू कोण आहेस?" त्याने विचारलं.

खरं उत्तर लांबलचक होतं. मी म्हणालो, "पेंटर."

तेव्हापासून तो मला पेंटरच म्हणायला लागला. आमच्या गावीही मला सगळे पेंटरच म्हणायचे, त्यामुळे इतक्या दूर येऊन कोणीतरी ओळखलं असं वाटलं.

त्याचा धंदा असा. खेळण्यातली नव्हे, हौशी लोक जोडून रंगवतात ती प्लॅस्टिकची विमानं असतात ना, त्यांच्यावर चिकटवायची चिन्हं आणि आकडे तो कागदावर छापायचा. कागद पाण्यात बुडवला की चित्र कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटतं आणि विमानावर बसतं. दुकानात तिघंच: मालक, मालकीणबाई आणि मी. मालक तरुणपणी युरोपातल्या एका देशाच्या हवाई दलात मेकॅनिक होता. देश इतका लहान की ताईच्या घरातल्या पृथ्वीच्या गोलावर त्याचं नाव जमिनीवर मावलं नव्हतं, शेजारच्या समुद्रात लिहिलं होतं.

त्या हवाई दलात, मालकाच्या वेळी, सोळा विमानं होती. आमच्या गावच्या एस.टी. स्टँडवर बाजाराच्या दिवशी याहून जास्त गाड्या उभ्या असायच्या. सोळा विमानांच्या चार स्क्वॉड्रन, प्रत्येकीत चार. नंबर घालायची रीत सोपी होती: पहिला आकडा स्क्वॉड्रनचा, दुसरा विमानाचा. म्हणजे पहिलीची अकरा ते चौदा, दुसरीची एकवीस ते चोवीस, तिसरीची एकतीस ते चौतीस, चौथीची एक्केचाळीस ते चव्वेचाळीस. पाच आणि त्यापुढचे आकडे त्या देशाला विमानांसाठी कधी लागलेच नाहीत. मालक म्हणायचा, पाचचा छापा त्यांच्याकडे होता, कोरा करकरीत.

प्रत्येक स्क्वॉड्रनचं चिन्ह होतं. पहिलीचा बगळा, दुसरीचं घुबड, तिसरीचा मासा, कारण तिची विमानं पाण्यावर उतरायची. आणि चौथीची गाय. पंख असलेली गाय. चौथीचं विमानतळ म्हणजे गायरानच होतं आणि उड्डाणाआधी गाई हाकलायला लागायच्या. मालक चौथीतला. त्याचं विमान एक्केचाळीस. त्याबद्दल बोलताना तो उभा राहायचा.

त्याच्या मनात एक सल होता. मोठमोठ्या कंपन्या विमानांची चिन्हं छापत, पण त्याचा देश नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या कागदावर, खालच्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत. तोही चुकीचा. बगळ्याची मान उलटी, लाल रंग भलताच. म्हणून त्याने ठरवलं होतं, मरण्याआधी एक अख्खा कागद छापायचा. चारही स्क्वॉड्रन, सोळाच्या सोळा विमानं, अचूक. दुकानाच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती: या दुकानातून खोटा आकडा बाहेर जाणार नाही. पाटीचं अक्षर वाईट होतं, पण भाव कळायचा.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एकापाठोपाठ एक. दोन महिने वाचणं बंद.

"हरकत नाही," तो म्हणाला. "सगळं डोक्यात आहे. मी सांगतो, पेंटर लिहील."

रोज सकाळी मी त्याच्या घरी जायचो. काळा चष्मा लावून तो आरामखुर्चीत बसायचा आणि सांगायचा. कुठल्या विमानाचा नंबर कुठे, शेपटीपासून किती अंतरावर. मी वहीत टिपून घ्यायचो. भीती मला इंग्रजी आकड्यांची होती. ते लिहिता येत होते, पण "फॉर्टी वन" ऐकलं की आधी चाळीस येतात, मग एक, आणि माझ्या डोक्यात सगळं उलटंपालटं होतं. आपल्याकडे एक आधी, चाळीस मागून.

तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. मालक चौथ्या स्क्वॉड्रनवर आला, आवाज चढला आणि तो म्हणाला, "वन अँड फॉर्टी!"

मी विचारलं, "काय म्हणालात, सर?"

"सॉरी. आमच्या भाषेत असंच म्हणतात. एक आणि चाळीस. इथे येऊन जन्म गेला, तरी उत्साहात आलो की तसंच तोंडातून निघतं."

मी जवळजवळ ओरडलोच, "सर, आमच्यातपण! एक्केचाळीस! एक आधी!"

तो खुर्चीतून उठला आणि चाचपडत माझा हात शोधून हलवला. त्यानंतर आम्ही दोघांनी इंग्रजी पद्धत सोडूनच दिली. वन अँड ट्वेंटी, एकवीस. फोर अँड थर्टी, चौतीस. तो बोलायचा आणि माझा हात आपोआप चालायचा. इतक्या वर्षांत आकडे टिपताना मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. आता कळतं, त्या सुखातच गडबड झाली. हात नंबरप्लेटीच्या वळणावर गेला. मी सगळे नंबर मराठीत लिहिले. ११, १२, ४१, ४४. बोरूने काढल्यासारखे.

ती वही पुढे मालकीणबाईंकडे जायची. त्या इथल्याच, आयोवाच्या. विमानांतलं त्यांना काही कळत नव्हतं. वहीत बघून, घासून उमटवायच्या अक्षरांनी छापायच्या कागदाचा मूळ नकाशा लावायचा हे त्यांचं काम. नवऱ्याच्या हातचे परदेशी वळणाचे आकडे वाचण्यात त्यांचा सगळा संसार गेला होता. त्याचा एक सातासारखा दिसायचा आणि सात आणखी कशासारखा तरी. त्यामुळे जरा वेगळं वळण दिसलं म्हणून त्या बिचकल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "किती सुंदर आकडे काढतोस तू." मी तीनदा थँक्यू म्हणालो.

माझा १ त्यांना 9 दिसला. माझा ४ त्यांना 8 दिसला. २ आणि ३ बिचारे दोन्हीकडे सारखेच.

तुम्ही म्हणाल, छापताना तुला दिसलं नाही का? खरं सांगतो, छापणारा वाचत नसतो. मी आयुष्यात हजारो लग्नपत्रिका छापल्या, एका नवऱ्या मुलाचं नाव आठवत नाही. शाई पसरते का, लाल रंग बरोबर आहे का, बगळ्याची मान सरळ आहे का, यातच माझा जीव अडकलेला. आणि दुसरं म्हणजे, 9 समोर दिसला तरी माझा डोळा तो १ असाच वाचत होता.

इकडे घरी माझी किंमत वाढत होती. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला दाजी मला आधी "वाइफचा भाऊ, नुकताच आलाय" एवढंच म्हणायचे. आता म्हणायला लागले, "एव्हिएशनमध्ये आहे." नागपूरच्या एका काकूंनी लगेच माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. एक काका गंभीरपणे म्हणाले, "बोइंग की मॅक्डॉनल?" मी म्हणालो, "काका, खूप छोटी असतात." त्यांनी मान हलवली. "हां, प्रायव्हेट जेट."

वर्ष भरायला एक महिना राहिला होता.

त्या देशातून अमेरिकेत आलेल्या जुन्या हवाई दलवाल्यांचा एक क्लब होता. अकरा म्हातारे. एका शनिवारी दुपारी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये त्यांचं जेवण ठरलं. त्यांच्या वकिलातीतून एक तरुण अधिकारी गणवेशात येणार होता आणि मालक त्याला तो कागद फ्रेम करून भेट देणार होता. मालकाला नवा चष्मा आदल्याच दिवशी मिळाला होता, पण कागद त्याने मुद्दाम बघितला नव्हता. म्हणाला, "सगळ्यांबरोबर बघणार."

मला गाडी नव्हती, म्हणून दाजी सोडायला आले. एव्हिएशनचं फंक्शन म्हणून त्यांनी सूट घातला होता. आम्ही लवकर पोचलो. फ्रेम एका स्टँडवर ठेवलेली. दाजी हात मागे बांधून, लग्नाच्या रुखवताकडे बघावं तसे बघत राहिले.

"नाइस," ते म्हणाले. "पहिला आकडा स्क्वॉड्रनचा, दुसरा विमानाचा, असंच ना? म्हणजे स्क्वॉड्रन नऊपर्यंत, विमानं नऊपर्यंत. नाइन नाइन्जा... एटी वन एअरक्राफ्ट! तू तर म्हणालास छोटी एअर फोर्स आहे."

"सोळा आहेत, दाजी."

"अरे, इथे क्लिअरली नव्याण्णव लिहिलंय."

मी बघितलं. आणि या वेळी वाचलं. 99, 92, 93, 98. बगळ्याच्या शेजारी 9. गाईच्या शेजारी 8. मालकाच्या एक्केचाळीसच्या जागी, लाल रंग अगदी अचूक असलेला, 89.

मला वही दिसली, मालकीणबाई दिसल्या, भिंतीवरची पाटी दिसली आणि दाजींच्या खिशातून बाहेर येणारं तिकीट दिसलं. माझ्या दोन हातांनी एका देशाचं हवाई दल पाचपट वाढवलं होतं.

दाजी बाथरूम शोधायला गेल्याबरोबर मी फ्रेम उचलली आणि किचनमध्ये पळालो. काय करणार होतो, देव जाणे. फ्रिजमागे लपवणार होतो बहुतेक. पण किचनमध्ये एक म्हातारा एप्रन लावून पाव कापत होता. क्लबातला सगळ्यात थकलेला तो. मालकाने मला त्याच्याबद्दल सांगितलं होतं: हवाई दलात तो पाव भाजायचा. कधी विमानात बसला नव्हता. चौथीच्या तळावर रोज सकाळी गरम पाव घेऊन यायचा, एवढंच.

त्याने हात पुसले आणि फ्रेम माझ्याकडून घेतली. गाईवर बोट ठेवलं. मग बोट हळूहळू सरकत 89 वर आलं आणि तिथेच थांबलं.

मग म्हणाला, "हे माझं."

"नाही, काका, ते चुकून..." मी मराठीतच बोलून गेलो.

"हे इथे कशाला आणलंस? याची जागा बाहेर आहे." आणि त्याने एप्रनसकट फ्रेम बाहेर नेली, दोन्ही हातांवर, आरतीचं ताट न्यावं तशी.

सगळे जमले होते. अधिकारी तरुण, गोरापान, कान लाल. तो कागदासमोर उभा राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्याने पुन्हा एकदा वरून खाली बघितलं.

"आठवी स्क्वॉड्रन?" त्याने विचारलं. "नववी?"

मी भिंतीला टेकलो.

तेवढ्यात पाववाला पुढे झाला. एप्रन सारखं केलं. "मी आठवीत होतो," तो म्हणाला. "विमान एकोणनव्वद."

अधिकाऱ्याने त्याच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी आपल्या जन्माआधी होतं की काय, ही शंका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग पाठ ताठ करून तो सावधपणे म्हणाला, "या विषयावर बोलण्याची मला परवानगी नाही."

सगळे म्हातारे खुर्चीत एकदम सरळ बसले. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दुसऱ्याने, हे मला आधीपासूनच माहीत होतं, अशी मान डोलावली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असताना मालक उठला. नवा चष्मा लावून कागदाजवळ गेला. नाक काचेला लागेपर्यंत वाकला. एकेक विमान बघितलं, सोळाच्या सोळा. मग माझ्याकडे आला.

"सोमवारी. आठ वाजता," तो म्हणाला. "वही घेऊन ये."

गाडीत बसल्यावर दाजींनी आधी रेडिओ लावला. हायवेला लागल्यावर म्हणाले, "म्हणजे तुझं काम क्लासिफाइड आहे?"

"नाही हो, दाजी."

"हां हां. तू 'नाही'च म्हणणार." त्यांनी रेडिओ बंद केला. "सॉरी यार. मी तुला उगाच तिकीट-बिकीट बोलत होतो."

रविवारी मी बॅग भरायला घेतली. ताई दारात येऊन उभी राहिली.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही. मावतं का ते बघतोय."

"हे तर म्हणतात तुला प्रमोशन मिळणार."

"ताई, त्यांना सांग ना, मी नंबरप्लेटीवाला आहे."

"सांगितलं," ताई म्हणाली. "ते म्हणाले, कव्हर स्टोरी चांगली आहे."

सोमवारी आठला दहा मिनिटं असतानाच मी दुकानात गेलो. बॅग नेली नव्हती, पण भरलेली होती. मालक टेबलाशी बसला होता, शेजारी मालकीणबाई. त्यांचे डोळे सुजले होते. मी वही पुढे ठेवली.

मालकाने पान उघडलं. "हे काय आहे?"

"एक, सर."

"हा नऊ आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"आमचा एक आहे. चूक माझी. बाईंची नाही. मी हातच्या सवयीने लिहीत गेलो. तुम्ही वन अँड फॉर्टी म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं..." पुढचं इंग्रजी मला आलं नाही. "मला घरी असल्यासारखं वाटलं."

मालकाने वही मिटली. मग उठून छापलेल्या कागदांचं खोकं उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. रागाने नाही, सावकाश. उरलेले दोन-तीन हाताने काढून तेही टाकले. पाटीकडे बघितलं.

"आता तुझं काय करायचं..." त्याने सुरुवात केली.

आणि दार उघडलं. पाववाला आत आला. डोक्यावरची टोपी हातात, बगलेत कागदात गुंडाळलेला पाव. आतलं वातावरण त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मला एक विमान हवंय," तो मालकाला म्हणाला. "जोडलेलं, रंगवलेलं. खिडकीत ठेवायला. मुलगी नातवंडांना घेऊन यायची आहे. एकोणनव्वद."

"एकोणनव्वद नव्हतंच," मालक म्हणाला.

"अरे, तूच छापलंस की! आणि तू कसा विसरलास? तू त्याची चाकं बसवायचास. मी सकाळी पाव आणायचो, पंखावर ठेवायचो, इंजिन नुकतं बंद केलेलं असलं की पाव गरम राहायचा. तू म्हणायचास, गाईच्या आधी खाऊन घ्या."

मालकाचा आवाज बदलला. "ते एक्केचाळीस होतं."

"एकोणनव्वद," पाववाला म्हणाला. "वकिलातीच्या साहेबालासुद्धा त्यावर बोलायची परवानगी नाही."

मालकाने मान खाली घातली. दारातल्या त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा नंबर मिळाला होता. आठव्या स्क्वॉड्रनमध्ये दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे तू नव्हतास असं सांगणाराही कोणी नव्हता. एक मालक होता, आणि मालकामागे पाटी होती.

"मी खोटा आकडा लिहीत नाही," मालक जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझ्यासाठीसुद्धा नाही."

पाववाल्याने पाव टेबलावर ठेवला आणि टोपी हातात फिरवत राहिला.

मला बोलायचा अधिकार नव्हता. पंधरा मिनिटांत तर नोकरीही राहणार नव्हती. पण हाताला सवय असते. कपाटावर चौथीचं एक विमान जोडून, रंगवून ठेवलेलं होतं, गाईसकट, फक्त नंबर बाकी. मी ते खाली घेतलं, बारीक ब्रश घेतला.

"सर, मी एक्केचाळीस लिहू का?"

"एक्केचाळीस," मालक म्हणाला. "फक्त एक्केचाळीस."

मी लिहिला. गावच्या ट्रकवर लिहिला असता तसा, आधी चारची गाठ, मग एकाची शेपटी, श्वास धरून. इतका चांगला ४ मी पुन्हा कधी काढला नाही.

पाववाल्याने खिशातून चष्मा काढला. विमान खिडकीपाशी नेलं. ओठ हलले. "एकोणनव्वद," तो म्हणाला. "बघ. म्हटलं नव्हतं?"

मालक झटकन उठला, विमान त्याच्या हातातून घेतलं, नंबर बघितला. मग वही उघडली. वहीतला आकडा बघितला, विमानावरचा बघितला.

"पेंटर, हे काय लिहिलंयस?"

"एक्केचाळीस, सर. वन अँड फॉर्टी. आमच्या गावातल्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा."

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मग मालकाने भिंतीवरची पाटी पुन्हा एकदा वाचली, अगदी पहिल्या अक्षरापासून, आणि विमान पाववाल्याच्या हातात दिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "घेऊन जा."

पाववाला गेला. आम्ही तिघांनी पाव खाल्ला. मी दिवसभर जाळ्या धूत राहिलो, कारण थांब असंही कोणी म्हटलं नव्हतं आणि जा असंही. मालकीणबाईंनी वहीचं पान समोर ठेवून नवा नकाशा लावायला घेतला. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून त्या मला विचारायच्या, मी सांगायचो, त्या त्याच्याखाली आपला लिहायच्या. चार आकडे तर होते.

संध्याकाळी मी जॅकेट घातलं आणि दाराशी घुटमळलो. थँक्यू म्हणायचं होतं, पण ते कशाबद्दल, हे नक्की नव्हतं. मालक शाईचे डबे बंद करत होता.

"उद्या आठ वाजता ये," तो म्हणाला.

मी मान हलवली. दार उघडलं.

"थांब," तो म्हणाला. डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची तीन.

मीही माझी बोटं वर केली. त्याने मोजली.